सुसरबाई तुझा आवाज मऊ : झोपेच्या मशीनचा दोन महिन्यांचा अनुभव

आधीच सांगून टाकते, हे मशीन (झोप लागावी म्हणून पावसापाण्यासारखे आवाज करत राहतं ते) मी नुसतं बटणावरचं नाव वाचून घेतलंय, त्यामुळे रिव्ह्यू अगदी तटस्थ वगैरे असेल अशी अपेक्षा ठेवू नका. लॅमिंग्टन रोडला नवऱ्याला राउटर घ्यायचा होता, मी आपली सोबत गेलेले, आणि काउंटरवर हा पांढरा गोल डबा दिसला, एका मोठ्या इडलीएवढा. कडेला सहा बटणं. पाचांवर समजेल असं लिहिलेलं, रेन, ओशन, फॅन, व्हाइट, ब्राऊन, आणि सहाव्यावर सुसरस. दुकानदाराला विचारलं हे काय असतं, तर म्हणाला "मॅडम, वो इंपोर्टेड साउंड है". १,८५० सांगितले, १,६०० ला दिलं, बिल मागितल्यावर चेहरा पडला पण दिलं. दुकानात लावूनही दाखवलं, पण लॅमिंग्टन रोडला संध्याकाळी सहा वाजता झोपेचं मशीन ऐकून बघणं म्हणजे विरार लोकलमध्ये उभं राहून अत्तर हुंगण्यासारखं आहे. काही कळलं नाही. घेतलं.

गरज काय होती ते सांगते. आम्ही करी रोडला राहतो, बिल्डिंग रेल्वेच्या अगदी कडेला, शेजारच्या प्लॉटवर रिडेव्हलपमेंट चालू, आणि घरात आठ महिन्यांची लेक, जिला सगळ्या जगाने एकदम चूप बसल्याशिवाय झोप लागत नाही आणि खरंच सगळे चूप बसले तर त्या शांततेनेही ती दचकून उठते. रात्री एकनंतर गाड्या जरा कमी होतात, पहाटे चारनंतर परत सुरू. मधले तीन तास आमचे.

आता नावाचं. मी घरून सबटायटलिंगचं काम करते. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी जी सबटायटल्स असतात त्यात नुसते संवाद नाही, आवाजसुद्धा लिहावे लागतात, दार करकरलं, भांडं खणकन पडलं, बाहेर पाऊस रिपरिपतोय, असं. त्यामुळे आवाजाचा एखादा नवीन शब्द दिसला की माझं डोकं तिथेच अडकतं. हा शब्द मला माहीतच नव्हता. घरी आले, बॉक्स फोडला, मशीन लावायच्या आधी डिक्शनऱ्या उघडून बसले, नवरा म्हणाला आधी वॉरंटी कार्ड बघ. त्याचं बरोबर होतं, ते पुढे कळलं.

तर सुसरस म्हणजे हळू आवाजाचा पट्टा. एक आवाज नाही, खूप बारीक आवाज एकात एक मिसळून होतो तो, वाऱ्याने पानं हलतात तेव्हाचा, लांबून ऐकू येणाऱ्या माणसांच्या बोलण्याचा, रेशमी कापड सरकतं त्याचा. उच्चार करताना मधल्या स वर जोर, सु-स-रस. शब्द सरळ लॅटिनमधून उचललेला, तिथेही susurrus असाच, आणि अर्थ कुजबुज, गुणगुण. इंग्रजीत हा असा जशाच्या तसा १९ व्या शतकात आला, पण त्याचा मोठा भाऊ सुसरेशन त्याच्या कितीतरी आधी, सन १४०० च्या आसपास येऊन बसलेला. आणि त्या मोठ्या भावाचा स्वभाव चांगला नव्हता बरं का. त्याचा अर्थ नुसती कुजबुज नाही तर कोणाच्या तरी पाठीमागे त्याच्याबद्दल केलेली कुजबुज. लॅटिन बायबलमध्ये पापी लोकांची यादी येते त्यात कुजबुज्ये लोक याच शब्दाने येतात, चहाडखोर म्हणून. म्हणजे आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात दुपारी चार वाजता जे चालतं ना, दोघी-तिघी उभ्या, कोणी वर आलं की एकदम "काय, बाजारात वाटतं?", ते खरं सुसरेशन. पानाबिनांचं काव्य नंतर चिकटलं.

अर्थात लॅटिनमध्ये काव्यही होतंच. व्हर्जिल नावाचा रोमन कवी, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला, त्याच्या एका गोपकवितेत एक शेतकरी दुसऱ्याला म्हणतो की तुझं नशीब थोर, तुझ्या बांधावरच्या कुंपणातल्या फुलांवर मधमाश्या येतील आणि त्यांच्या हलक्या गुणगुणीने तुला झोप लागेल. तिथे शब्द हाच आहे. हे वाचून मी नवऱ्याला उठवून सांगितलं की बघ, दोन हजार वर्षांपूर्वी पण लोक याच आवाजावर झोपत होते, म्हणजे मशीनचं नाव कोणीतरी विचार करून ठेवलंय. तो म्हणाला, मला आत्ता लागली होती झोप.

मला सगळ्यात आवडलं ते शब्दाचं बनणं. सु-सुर, स चा आवाज दोनदा. आपण जे करतो तेच. सळसळ, गुणगुण, कुणकुण, भुणभुण, पुटपुट, झुळझुळ, आणि कधी दुसरा भाग थोडा फिरवून कुजबुज, खुसपूस, खुसरफुसर. लॅटिनवाले पण हेच करायचे, मर्मर हा शब्दही तसाच, तो तर आपल्याकडे संस्कृतमध्येही आहे, सुक्या पानांच्या आवाजाला, कुमारसंभवात वसंत येतो तिथे वनात मर्मर वाजणारी पानं गळताहेत. फक्त लॅटिनमधला मर्मर आपल्यापेक्षा अंगाने दांडगा, समुद्राच्या गाजेला आणि ढगांच्या गडगडाटालाही तोच शब्द चालायचा. इंग्रजीत येईपर्यंत वाळून वाळून आजचा पुटपुटणारा झाला. (कुरमुऱ्यांना काही ठिकाणी मुरमुरे म्हणतात त्याचा याच्याशी संबंध लावायचा मोह मला दोन दिवस होत होता, सोडून दिला.)

आणि आता खरी गंमत. भाषेचे अभ्यासक या सुसरसचं मूळ जिथे नेतात तिथे आपला संस्कृतचा स्वृ धातू बसलेला आहे. म्हणजे स्वर. म्हणजे सूर. म्हणजे लॅमिंग्टन रोडच्या दुकानातला इंपोर्टेड साउंड हा आपल्या सुराचा लांबचा चुलतभाऊ. जर्मनमध्ये भिरभिर आवाज करत जाण्याला जो शब्द आहे तो याच घरातला मानतात, आणि मधमाश्यांच्या थव्याला इंग्रजीत स्वॉर्म म्हणतात तोही. व्हर्जिलच्या मधमाश्या परत फिरून घरीच आल्या की. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, या स्वृ चे अर्थ दिलेत दोन, शब्द आणि उपताप. आवाज आणि ताप! कोणीतरी शेजारी रिडेव्हलपमेंट चालू असताना लिहिलंय हे, माझी खात्री आहे.

अजून एक. अ‍ॅब्सर्ड हा शब्द आपण रोज वापरतो, लॅटिनमध्ये त्याचा मूळ अर्थ बेसूर. त्यातला सर्ड म्हणजे बहिरा, मुका, बोथट आवाजाचा, आणि तोही याच धातूपासून आला असावा असं काही जण धरतात. नातं खरं असेल तर अ‍ॅब्सर्ड आणि बेसूर हे शब्दाला शब्द जुळतात. माझ्या आधीच्या क्लायंटच्या डेडलाइन दोन्ही होत्या.

एक विसंगती मात्र मला मजेशीर वाटली. आपण कुजबुजतो तेव्हा गळ्यातले स्वरतंतू थरथरतच नाहीत, नुसती हवा घासून बाहेर येते, म्हणून कुजबुजत गाणं म्हणता येत नाही, करून बघा, शब्द कळतात पण सूर लागत नाही. म्हणजे ज्या आवाजात स्वरच नाही त्या आवाजाचं नाव स्वराच्या घराण्यातलं. स आणि श म्हणतानाही तेच होतं, हवा दातांच्या फटीतून घासत जाते आणि ठरावीक सूर नसलेला फस्स असा आवाज येतो, ज्यात खूप साऱ्या पट्ट्या एकदम असतात. बाळाला थोपटताना आपण श्श्श श्श्श करतो ना, ते या मशीनचं फुकटातलं मॉडेल आहे. फक्त ते रात्रभर चालत नाही, दहा मिनिटांत ओठ दुखतात.

बरं, मशीन.

पहिल्या रात्री सासूबाई म्हणाल्या काय गं लावलंयस. म्हटलं आई, सुसरस. त्यांना ऐकू आलं सुसर. त्या चिपळूणच्या, वाशिष्ठीत सुसरी बघत मोठ्या झालेल्या, त्यामुळे एकदम उठूनच बसल्या. मग कळल्यावर म्हणाल्या, "सुसरबाई तुझी पाठ मऊ, पण हिचा आवाज मऊ आहे हो." तेव्हापासून घरात त्या डब्याचं नाव सुसरबाई. "सुसरबाई चार्जिंगला लाव गं", "सुसरबाई खाली पडली", असं चालतं. बाहेरचं कोणी ऐकलं तर काय म्हणेल.

आवाज म्हणाल तर सुसरस बटणाचा आवाज चांगला आहे, खोटं बोलणार नाही. पिंपळासारखी पानं, मागे कुठेतरी लांब पाणी, आणि त्याच्याही मागे काहीतरी माणसांच्या बोलण्यासारखं, शब्द न कळणारं. डोळे मिटले की एखाद्या देवळाच्या पारावर दुपारी पडल्यासारखं वाटतं. पाऊस मात्र अगदी पुचाट. तो पाऊस मुंबईचा नाही, कुठल्यातरी गवताळ देशातला असणार, हिरवळीवर पडतो आणि मुरतो. पाऊस पत्र्यावर वाजला पाहिजे, ताडपत्रीवर वाजला पाहिजे, पागोळ्या खालच्या बादलीत पडल्या पाहिजेत. फॅनवाल्या बटणाची गरजच काय, डोक्यावर खरा आहे. ओशनमध्ये सीगल ओरडतात. लेक रडायला लागली.

व्हाइट आणि ब्राऊन म्हणजे काय हे बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून सांगते. व्हाइट म्हणजे सगळ्या फ्रिक्वेन्सी सारख्याच जोराने, पांढऱ्या उजेडात सगळे रंग असतात तसं, म्हणून व्हाइट. ऐकायला ट्यून न झालेल्या जुन्या टीव्हीसारखं, जरा कानाला टोचणारं. ब्राऊनमध्ये वरच्या पट्ट्या खूप कमी केलेल्या, त्यामुळे धबधबा लांबून ऐकल्यासारखा घुमतो. आणि तो ब्राऊन म्हणजे तपकिरी नाही, रॉबर्ट ब्राउन नावाचा स्कॉटिश वनस्पतीशास्त्रज्ञ होता, त्याने १८२७ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाण्यात परागातले कण विनाकारण इकडेतिकडे हुंदडताना बघितले, त्या हुंदडण्याच्या गणितावरून हा आवाज. आमच्याकडे झोप लागायला खरा उपयोगी पडला तो हाच. नवरा तीन मिनिटांत गार.

हे मशीन बाहेरचा आवाज कमी करत नाही, हे नीट समजून घ्या, नाहीतर पैसे वाया गेले म्हणाल. ते खोलीतला तळाचा आवाज थोडा वर आणतं, म्हणजे मध्येच होणारा खट्ट, दार, लिफ्टचा टण्ण, हे त्याच्यात बुडून जातं. आपण उठतो ते आवाज मोठा आहे म्हणून कमी आणि अचानक आला म्हणून जास्त. लिफ्ट बुडते, कुत्री अर्धी बुडतात, वरच्या मजल्यावरची खुर्ची बुडते. मेल एक्सप्रेस बुडत नाही. हॉर्न तर अजिबातच नाही, त्याच्यापुढे सुसरबाई म्हणजे लग्नाच्या बँडसमोर तंबोरा. फोनमधल्या अ‍ॅपने मोजलं (अ‍ॅप काही अचूक नसतं, अंदाज येतो), खिडकी बंद करून रात्री दीडला ४८ डेसिबल, गाडी जाताना सत्तरच्या आसपास. आपल्या देशातल्या ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत राहत्या वस्तीत रात्री दहा ते सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. म्हणजे आमची सगळ्यात शांत वेळसुद्धा नियमाच्या बाहेर. आणि डेसिबल साधी मोजपट्टी नाही, १० ने वाढला की आवाजाची ताकद १० पट होते, कानाला साधारण दुप्पट वाटतो.

बाळ असलेल्यांनी हे वाचाच. २०१४ मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी बाळांसाठी म्हणून विकली जाणारी अशी १४ मशिनं तपासली होती, त्यातली तीन फुल आवाजावर ८५ डेसिबलच्या वर गेली. त्या पातळीवर तासन् तास असणं मोठ्या माणसांच्या कानालाही बरं नाही. म्हणून पाळण्यात किंवा उशीशेजारी ठेवू नका, सहा-सात फूट लांब, आवाज कमी, आणि झोप लागली की बंद. आमचं कपाटावर असतं, आवाज दोन टिचक्यांवर. या मशीनला टायमर आहे, ३०, ६० आणि ९० मिनिटांचा, पण टायमर संपला की ते हळूहळू न थांबता एकदम गप्प होतं आणि त्या गप्प होण्याने लेक उठते. हे डिझाइन कोणी केलं त्याला मूल नसणार.

आता मोठी तक्रार. लूप. पहिले चार दिवस कळलं नाही. पाचव्या रात्री मी जागी होते, सुसरस चालू, आणि मला जाणवलं की त्या पानांच्या सळसळीत एक पक्षी आहे, बारीक, चिक् असा एकदाच बोलतो. मग थोड्या वेळाने परत चिक्. मोबाइलवर घड्याळ लावून बघितलं, बरोब्बर ४२ सेकंदांनी तोच पक्षी, तसाच, आणि त्याच्या नंतर चार सेकंदांनी एक टक् असा सांधा, जिथे रेकॉर्डिंग संपून परत सुरू होतं. एकदा कळल्यावर संपलं. मी झोपायचं सोडून पक्ष्याची वाट बघत पडते. एका रात्री १९ वेळा मोजला. नवऱ्याला सांगितलं, ती चूक केली, आता तोही मोजतो. खऱ्या पानांचा आवाज परत परत तसाच कधीच येत नाही, म्हणून तर तो झोपवतो, कानाला पकडायला काही मिळत नाही. व्हर्जिलच्या मधमाश्या ४२ सेकंदांनी पहिल्यापासून सुरू झाल्या असत्या तर तो शेतकरी शहरात निघून गेला असता.

दुकानात घेऊन गेले. माणूस दुसरा होता. लावून दाखवलं, तो म्हणाला बराबर तो चल रहा है. मी म्हटलं पक्षी ऐका. तो ऐकत उभा राहिला, बाजूचं गिऱ्हाईक पण ऐकत उभं राहिलं, बाहेर कोणीतरी टेम्पो रिव्हर्स घेत होतं, कोणालाच पक्षी ऐकू आला नाही. बदलून मिळालं नाही. वॉरंटी कार्डावर शिक्का नव्हता, जे नवऱ्याने पहिल्या दिवशीच बघायला सांगितलं होतं. बिलावर मॉडेल नंबर लिहून घ्या आणि कार्डावर शिक्का मारून घ्या, एवढं तरी माझ्याकडून शिका.

बॅटरी रात्रभर जात नाही, पाच तास म्हणालेत, आम्हाला चार मिळतात. बटणं अंधारात चाचपून कळत नाहीत, मी ब्राऊनवर रबरबँडचा तुकडा फेविक्विकने चिकटवलाय. निळा लाइट उगाच झगमगतो, त्याच्यावर टिकली लावली आहे, सासूबाईंची आयडिया, आता सुसरबाई सवाष्ण दिसते.

स्टार द्यायचे तर ब्राऊनला चार, सुसरसला पक्षी येईपर्यंत पाच आणि आल्यानंतर एक, पावसाला शून्य. १,६०० ला वाईट नाही, १,८५० ला घेऊ नका. ज्यांच्या खिडकीशी पिंपळ आहे त्यांनी घेऊच नका. मला स्वतःला पैसे वसूल झाले ते भलतीकडून, गेल्या आठवड्यात एका सीनमध्ये देवळाबाहेरची गर्दी आणि वडाची पानं दोन्ही एकदम ऐकू येत होती, इंग्रजी स्क्रिप्टमध्ये हाच शब्द होता, आणि मी तासभर बसून 'बाहेर पानांची आणि माणसांची कुजबुज' असं लिहिलं. पास झालं. सध्या मशीन सासूबाईंच्या खोलीत आहे, त्यांना पक्षी ऐकू येत नाही, आणि कोणी सांगू नका.

चार्जिंग टाइप-सी आहे, केबल बॉक्समध्ये येते पण वीतभर लांबीची, अ‍ॅडाप्टर येत नाही, घरचा लावा.